मराठी संपादकीय व्यंगचित्र

संपादकीय व्यंगचित्र म्हणजे चालू घडामोड, सामाजिक प्रश्न किंवा दैनंदिन जीवनातील विसंगती यांवर भाष्य करण्यासाठी वृत्तपत्रात अथवा नियतकालिकात प्रसिद्ध होणारे रेखाचित्र होय. अग्रलेखाप्रमाणे ते मत मांडते. परंतु ते मत वाचकाच्या लक्षात काही क्षणांत यावे अशी अपेक्षा असते. त्यामुळे चित्रातील माणसे, वस्तू, पोशाख आणि प्रसंग वाचकाच्या आधीपासून ओळखीचे असावे लागतात. मराठीत हा प्रकार विसाव्या शतकात मासिके, साप्ताहिके, दिवाळी अंक आणि दैनिके यांच्या आधाराने वाढला. प्रस्तुत लेखात त्याची वाटचाल आणि अमरावती-अकोला परिसरातील, म्हणजे वऱ्हाडातील, त्याचा संदर्भ दिला आहे.

व्याख्या व संज्ञा

मराठीत ‘व्यंगचित्र’ हा शब्द व्यापक अर्थाने वापरला जातो. केवळ गंमत हा हेतू असलेल्या चित्रास ‘हास्यचित्र’, तर व्यक्तीच्या चेहऱ्यातील किंवा देहबोलीतील वैशिष्ट्ये ठळक करून काढलेल्या चित्रास ‘अर्कचित्र’ म्हणतात. पहिल्या पानावरील एका स्तंभाच्या रुंदीचे चित्र ‘पॉकेट कार्टून’ या नावाने ओळखले जाते. संपादकीय व्यंगचित्रात हास्य असेलच असे नाही. दुष्काळ, दंगल किंवा आत्महत्या यांवरील चित्र गंभीर असू शकते. त्याची ओळख त्यातील भाष्यावरून ठरते.

उगम

‘कार्टून’ हा शब्द मूळचा भित्तिचित्राच्या पूर्ण आकाराच्या कच्च्या आराखड्यासाठी वापरला जात असे. १८४१ मध्ये लंडनमध्ये सुरू झालेल्या ‘पंच’ साप्ताहिकाने १८४३ मध्ये ब्रिटिश संसदेच्या इमारतीसाठी मागवलेल्या अशा आराखड्यांची थट्टा करणारे जॉन लीच यांचे चित्र ‘कार्टून’ या शीर्षकाने छापले आणि शब्दाला आजचा अर्थ मिळाला. त्याआधीच फ्रान्समध्ये ओनोरे दोमिए यांना राजा लुई फिलिप याच्यावरील चित्रामुळे १८३२ मध्ये तुरुंगवास भोगावा लागला होता.

भारतात ‘पंच’च्या धर्तीवर अनेक नियतकालिके निघाली. त्यांपैकी ‘अवध पंच’ १८७७ मध्ये लखनौ येथे सुरू झाले; मुंबईतून ‘हिंदी पंच’ निघत असे. तमिळ कवी सुब्रह्मण्य भारती यांच्या ‘इंडिया’ साप्ताहिकाने आणि बंगालमध्ये गगनेंद्रनाथ टागोर यांनी वसाहतकालीन राजकारण व समाजरूढी यांवर चित्रे प्रसिद्ध केली.

मराठीतील वाटचाल

मराठीत सामाजिक प्रश्नांवरील चित्रांना स्थैर्य देण्यात शंकरराव किर्लोस्कर (१८९१–१९७५) यांचा वाटा मोठा आहे. ते चित्रकलेचे शिक्षण घेतलेले संपादक होते. १९२० मध्ये सुरू झालेल्या आणि पुढे ‘किर्लोस्कर’ नावाने प्रसिद्ध झालेल्या मासिकातून, तसेच ‘स्त्री’ (१९३०) व ‘मनोहर’ (१९३४) या मासिकांमधून त्यांनी अंधश्रद्धा, जुनाट रूढी आणि स्त्रियांवरील बंधने यांचा समाचार घेतला. व्यंगचित्रे ते स्वतः काढत.

स्वातंत्र्यानंतर या कलेच्या दोन धारा स्पष्ट झाल्या. पहिली दैनंदिन जीवनाची. शि. द. फडणीस (जन्म १९२५) यांनी ‘हंस’ व ‘मोहिनी’ या मासिकांच्या मुखपृष्ठांवर शब्दविरहित रंगीत चित्रे काढून मध्यमवर्गीय घराचे विश्व उभे केले. वसंत सरवटे (१९२७–२०१६) यांनी चित्रांबरोबर व्यंगचित्रकलेची समीक्षाही लिहिली. ‘परकी चलन’ या पुस्तकात त्यांनी परदेशी व्यंगचित्रकारांची ओळख करून दिली.

दुसरी धारा राजकीय होती. बाळ ठाकरे यांनी ‘फ्री प्रेस जर्नल’मधील नोकरी सोडल्यानंतर, बंधू श्रीकांत ठाकरे यांच्यासह १३ ऑगस्ट १९६० रोजी ‘मार्मिक’ हे व्यंगचित्र साप्ताहिक सुरू केले. त्यातील ‘रविवारची जत्रा’ हे सदर विशेष गाजले. साप्ताहिकाने उभ्या केलेल्या मराठी तरुणांच्या नोकऱ्यांच्या प्रश्नातून १९ जून १९६६ रोजी शिवसेना स्थापन झाली. व्यंगचित्रांच्या साप्ताहिकातून राजकीय पक्ष उभा राहिल्याचे हे दुर्मीळ उदाहरण आहे. याच काळात मुंबईत ‘टाइम्स ऑफ इंडिया’मधून आर. के. लक्ष्मण यांचा चौकटीच्या कोटातील, धोतर नेसलेला ‘कॉमन मॅन’ घरोघरी पोहोचला. तो घटना पाहतो, बोलत मात्र नाही.

वऱ्हाडातील पार्श्वभूमी

वऱ्हाड प्रांत १८५३ मध्ये निजामाकडून ब्रिटिश प्रशासनाकडे आला, १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडला गेला आणि १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात समाविष्ट झाला. पुणे-मुंबईपासून दूर असल्याने येथे स्थानिक वृत्तपत्रांची स्वतंत्र परंपरा निर्माण झाली. अकोल्याहून १८६७ मध्ये ‘वऱ्हाड समाचार’ सुरू झाले. पुढील काळात अकोल्याची ‘मातृभूमी’ व ‘देशोन्नती’, तसेच अमरावतीचे ‘हिंदुस्थान’ ही दैनिके या परंपरेत आली.

सामाजिक उपहासाची साहित्यिक बाजूही येथे भक्कम आहे. ‘सुदाम्याचे पोहे’चे लेखक श्रीपाद कृष्ण कोल्हटकर (१८७१–१९३४) यांनी वऱ्हाडात वकिली केली, त्यांचे वास्तव्य खामगाव व जळगाव जामोद येथे होते. लग्न, व्रते, सण आणि प्रतिष्ठेच्या कल्पना यांवरील त्यांच्या लेखांतील अतिशयोक्ती ही शब्दांनी काढलेल्या व्यंगचित्राच्या जवळ जाणारी आहे.

लोकपरंपरेत पोळ्याच्या ‘झडत्या’ महत्त्वाच्या ठरतात. बैलांची रांग तोरणाखाली उभी असताना म्हटल्या जाणाऱ्या या चुटकेवजा रचनांमधून पिकाची स्थिती, सावकार, पुढारी आणि भाववाढ यांवर जाहीर टोमणे मारले जातात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात निघणाऱ्या मारबत-बडग्यांच्या मिरवणुकीत चालू प्रश्नांवरील पुतळे व फलक असतात. प्रश्नाला देह देऊन त्याची सर्वांसमक्ष थट्टा करणे, हे तत्त्व या प्रथांत आणि संपादकीय व्यंगचित्रात समान आहे. झडती ऐकणाऱ्यास जसा रोख कोणावर आहे हे सांगावे लागत नाही, तसेच चांगल्या चित्राखाली खुलासा लागत नाही.

विषय व प्रतिमा

वऱ्हाडातील सार्वजनिक जीवन कापसाभोवती फिरते. राज्यात १९७२ मध्ये कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली आणि सुमारे तीन दशके खरेदी केंद्रावरील बैलबंड्यांच्या रांगा, प्रतवारीवरील वाद व थकलेले चुकारे हे येथील नित्याचे विषय राहिले. एकविसाव्या शतकाच्या आरंभी शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे हा प्रदेश देशभर चर्चेत आला. जुलै २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भाच्या दौऱ्यात अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम आणि वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने कपाशीचे मोठे नुकसान केले. याखेरीज पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्ट्यातील पाणी, मेळघाटातील धारणी व चिखलदरा तालुक्यांतील कुपोषण, वरूड-मोर्शीच्या संत्र्याचे भाव आणि मूर्तिजापूरहून अचलपूर व यवतमाळकडे पूर्वी धावणारी ‘शकुंतला’ रेल्वे हे या भागाचे दीर्घकालीन विषय आहेत.

अशा विषयांचे चित्रण करताना प्रतिमेची निवड निर्णायक ठरते. राजधानीतील वाचकासाठी ‘शेतकरी’ म्हणजे फेटा, धोतर आणि भेगाळलेली जमीन असे ठरीव चित्र पुरते. वऱ्हाडातील वाचक मात्र तिफण, डवरा, पऱ्हाटीच्या तुराट्यांसारख्या काड्या आणि बाजार समितीतील काटा बारकाईने ओळखतो. त्यातील चूक त्याला लगेच खटकते. काळ्या जमिनीत उभी कपाशी हिरवी दिसत असतानाही शेतकरी कर्जात असू शकतो, हे भेगाळलेली जमीन दाखवून सांगता येत नाही.

आत्महत्येच्या प्रश्नावर गळफासाचा दोर ही प्रतिमा सर्वत्र वापरली गेली. ती तत्काळ समजते; परंतु वारंवार वापरल्याने तिची धार बोथट होते आणि शेतकरी केवळ मृत्यूशी जोडला जातो. कर्जाची कारणे, बियाण्यांचा खर्च, खरेदीतील विलंब आणि मागे राहिलेल्या स्त्रियांच्या नावावर नसलेली जमीन ही त्या चौकटीबाहेर राहतात. मृताच्या कुटुंबाने उद्या हे चित्र पाहिले तर, हा प्रश्न जिल्ह्याच्या वृत्तपत्रात विशेष जवळचा असतो, कारण चित्र काढणारा, छापणारा आणि ज्याच्यावर ते काढले तो एकाच तालुक्यातील असू शकतो.

याउलट, काही स्थानिक प्रतिमांमध्ये आधीच आशय भरलेला आहे. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे जन्मलेल्या गाडगेबाबांचा (१८७६–१९५६) खराटा, डोक्यावरील खापर आणि चिंध्यांचा अंगरखा काही रेषांत ओळखू येतो. केवळ खराटा काढला तरी स्वच्छतेबरोबर अंधश्रद्धा, शिक्षण व कर्ज काढून केलेले सण यांवरील त्यांची कीर्तने वाचकाला आठवतात.

निर्मितीची प्रक्रिया

चित्राची सुरुवात बातमी निवडण्यापासून होते. त्यानंतर ‘यात विसंगती कोणती’ याचे एका वाक्यात उत्तर शोधले जाते. ते न सापडल्यास चित्र फक्त बातमीचे दृश्य रूप बनते. पुढे परिचित प्रसंगाशी सांगड घातली जाते: उदाहरणार्थ, कर्जमाफीच्या अटींची लांबी दाखवण्यासाठी अर्जाचा कागद नांगराच्या तासासारखा शेतभर पसरवणे. मग पेन्सिलीचा कच्चा आराखडा, त्यावर शाई, आणि शेवटी मथळा किंवा संवाद असा क्रम असतो. पात्रांच्या तोंडी वऱ्हाडी बोली घातली तर चित्राला जवळीक येते. मात्र बोली बोलणारे पात्र नेहमी अडाणीच दाखवले तर तो बोलीचाच उपहास होतो.

छपाईच्या तंत्राने शैलीही घडवली. खिळेछपाईच्या काळात चित्राचा जस्ताचा ठोकळा करावा लागे. तो शुद्ध काळी रेषा चांगली उचलत असे, करड्या छटा नाही. म्हणून टाक व कुंचल्याची ठळक रेषा, भरीव काळे भाग आणि तिरक्या रेघांनी दाखवलेली सावली ही त्या काळाची ओळख बनली. ऑफसेट छपाई आल्यावर ठोकळ्याची गरज संपली, आणि संगणकावरील रेखाटनामुळे लहान शहरातील चित्रकाराला चित्र त्याच दिवशी कोणत्याही आवृत्तीकडे पाठवता येऊ लागले.

कायदा व वाद

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १९(१)(क) नुसार व्यंगचित्रास अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे संरक्षण आहे. अनुच्छेद १९(२) मधील वाजवी निर्बंध, बदनामी व धार्मिक भावना दुखावण्यासंबंधीच्या तरतुदी त्याला लागू होतात. आणीबाणीत (१९७५–७७) वृत्तपत्रांवर पूर्वपरीक्षण लादले गेले. १९७५ मध्येच ‘शंकर्स वीकली’ बंद पडले. २०१२ मध्ये व्यंगचित्रकार असीम त्रिवेदी यांना मुंबईत राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली. त्या प्रकरणातून उद्भवलेल्या याचिकेवर २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने, हिंसेस चिथावणी किंवा सार्वजनिक अव्यवस्था घडवण्याचा हेतू नसलेली शासनावरील टीका राजद्रोह ठरत नाही, असे स्पष्ट केले.

सर्व वाद शासनाशी नसतात. संविधाननिर्मितीच्या संथ गतीवर शंकर यांनी १९४९ मध्ये काढलेल्या चित्रात गोगलगाईवर बसलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि मागे चाबूक घेतलेले जवाहरलाल नेहरू होते. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या अकरावीच्या पाठ्यपुस्तकातील हे चित्र २०१२ मध्ये तीव्र आक्षेपांनंतर वगळण्यात आले; सल्लागार सुहास पळशीकर व योगेंद्र यादव यांनी राजीनामे दिले आणि पळशीकर यांच्या पुण्यातील कार्यालयाची मोडतोड झाली. सप्टेंबर २०१६ मध्ये ‘सामना’च्या पुरवणीतील मराठा मूक मोर्चाविषयीच्या चित्राने स्त्रियांचा अवमान झाल्याची भावना पसरली आणि उद्धव ठाकरे यांनी माफी मागितली. चित्राचा अर्थ काढणाऱ्याच्या हेतूबरोबरच पाहणाऱ्याच्या अनुभवावरही ठरतो, हे दोन्ही प्रसंगांत दिसते.

सद्यःस्थिती

समाजमाध्यमांमुळे चित्राचा प्रसार वाढला आहे. परंतु जिल्ह्याच्या पानावरचे चित्र त्या जिल्ह्याबाहेरच्या, संदर्भ नसलेल्या वाचकासमोरही जाते. मोठ्या दैनिकांच्या आवृत्त्यांमध्ये मुख्यालयातून आलेले एकच चित्र सर्वत्र छापता येत असल्याने स्थानिक चित्राची जागा आकुंचन पावू शकते. तसे झाल्यास मंत्रालयातील घडामोड वाचकाला रोज दिसेल, पण खरेदी केंद्राच्या दारात रात्र काढणाऱ्या बंडीवाल्याला कोणत्याही चौकटीत जागा उरणार नाही.