पारोची तारीख

अजिंठा गावातील पारोच्या कबरीवर एक छोटा इंग्रजी लेख कोरलेला आहे. आपल्या लाडक्या पारूच्या स्मरणार्थ, मृत्यू २३ मे १८५६, एवढाच त्याचा आशय. हे स्मारक उभारणारा मेजर रॉबर्ट गिल हा मद्रास सैन्यातील अधिकारी. लेण्यांतील भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी १८४४ साली कंपनीने त्याची नेमणूक केली. त्याने इंग्लंडला पाठवलेल्या बहुतेक प्रतिकृती १८६६ साली क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. पारोचा दगड मात्र उरला.

ना. धों. महानोरांच्या ‘अजिंठा’ या दीर्घकाव्याने ही कथा मराठी वाचकाच्या मनात रुजवली आणि त्यावर आधारलेला नितीन चंद्रकांत देसाई यांचा चित्रपट २०१२ साली आला. अशा कथांना एक मोह नेहमीच असतो. गोरा अधिकारी आणि आदिवासी तरुणी यांना सत्तावनच्या धामधुमीत समोरासमोर उभे करावे, असे लेखकाला वाटू लागते. कबरीवरची तारीख हा मोह मोडून काढते. मेरठचा उठाव झाला तेव्हा पारोला जाऊन जवळजवळ एक वर्ष लोटले होते.

पुढे जे घडले त्याची झळ घाटाखालच्या खानदेशालाही लागली. जेम्स आउट्रमने १८२५ साली धरणगावी उभारलेली भिल्ल पलटण कंपनीच्या बाजूला राहिली. उलट, पूर्वी इंग्रजांच्या चाकरीत सेंधव्याचा घाट राखणारा खाजा नाईक बंडात उतरला आणि ११ एप्रिल १८५८ रोजी सातपुड्यातील अंबापाणी येथे मोठी लढाई झाली. एकाच समाजाची माणसे दोन्ही बाजूंना होती. तेव्हा ‘गोरे विरुद्ध काळे’ ही सोपी मांडणी खानदेशात टिकत नाही. येथे यादवीचाही अंश होता.

कंपनीचे अधिकारी आणि देशी स्त्रिया यांचे संबंध अठराव्या शतकात सर्रास होते. १७९१ पासून भारतीय मातांच्या मुलांना कंपनीच्या वरिष्ठ नोकऱ्या बंद होत गेल्या आणि सत्तावननंतर वंशभेदाची भिंत आणखी उंच झाली. पारोचा दगड त्या भिंतीच्या अलीकडचा आहे. म्हणून ते नाते समान पातळीवरचे होते, असे मात्र म्हणता येत नाही. गिल पन्नाशी ओलांडलेला, विवाहित आणि सत्तेच्या बाजूचा पुरुष होता. दगडावरची भाषाही त्याचीच. पारोचे नाव आपल्यापर्यंत येते ते त्याच्या लिपीतून.

त्या मौनात मराठी कवीने आपला शब्द भरला. तो त्याचा अधिकारच आहे, आणि पारोला तिच्या मुलखातली भाषा त्यामुळेच मिळाली. परंतु काव्यातील पारोचे बोल ही पारोची साक्ष नव्हे, हे साहित्याच्या अभ्यासकाने विसरू नये. गिल १८७९ साली वारला. त्याची कबर भुसावळला आहे. पारोची घाटावर, अजिंठ्यात.