वैमानिकांची भाऊबंदकी

इसवी सन २००० च्या सुमारास अमेरिकेंतील सिनसिनाटी शहराच्या विमानतळावर एका विमानांतून उतरून दुसऱ्यांत बसणाऱ्या उतारूस, आपण एका कंपनीच्या हातून दुसरीच्या हातीं गेलों आहों, हें बहुधा कळतहि नसे. पहिलें विमान मोठें, दीडशें-दोनशें आसनांचें. दुसरें पन्नास आसनांचें. तिकिटावर नांव मात्र एकच, 'डेल्टा'. फरक होता तो विमानाच्या तोंडाशीं बसलेल्या दोन माणसांत. मोठ्या विमानाचे वैमानिक डेल्टाचे नोकर, तर लहान विमानाचे 'कॉमएअर' नांवाच्या प्रादेशिक कंपनीचे. दोघांचेहि परवाने एकाच सरकारचे, आणि दोघेहि वर्गणी भरीत ती एकाच संघाला. असें असून २००१ सालीं लहान विमानांच्या कांहीं वैमानिकांनीं त्या संघावरच फिर्याद केली. आरोप असा कीं, आमच्या वतीनें बोलण्याचा अधिकार ज्याला आम्हीं दिला, त्यानेंच थोरल्या घराशीं संगनमत करून आमचा वांटा तोडला. महाराष्ट्रांत जमिनीच्या बांधावरून जें घडतें, तेंच येथें आकाशाच्या वांटणीवरून घडलें.

हा संघ म्हणजे 'एअर लाइन पायलट्स असोसिएशन'. डेव्हिड बेन्के नांवाच्या वैमानिकानें १९३१ सालीं शिकागो येथें तो उभारला. तो काळ मंदीचा होता. टपाल व तुरळक उतारू घेऊन धुक्यांतून व हिमांतून उडणाऱ्या वैमानिकांचे पगार कंपन्या कापूं लागल्या होत्या, आणि जो तक्रार करील त्याची जागा घ्यावयास दहा जण दाराशीं उभे होते. १९३२ च्या आरंभीं सेंचुरी एअरलाइन्सचा मालक कॉर्ड यानें वेतनांत मोठी कपात केली, तेव्हां या नवजात संघाची पहिली कसोटी लागली. पुढें १९३४ सालीं राष्ट्रीय कामगार मंडळाच्या ८३ व्या निर्णयानें वैमानिकानें महिन्याला ८५ तासांहून अधिक उडूं नये अशी मर्यादा पडली, आणि १९३६ सालीं रेल्वे कामगारांचा १९२६ चा कायदा विमान कंपन्यांनाहि लागू झाला.

पुढील सर्व तंट्याचें बीज या कायद्यांत आहे. कायद्यानें प्रत्येक कंपनींतील प्रत्येक धंद्याला एकच प्रतिनिधि दिला. एका कंपनीचे वैमानिक बहुमतानें जो संघ निवडतील तोच सर्वांच्या वतीनें करार करील. दुसऱ्या कोणास मालकाशीं बोलतां येणार नाहीं. त्यामुळें संघाचें नांव एक असलें तरी आंतून तो कंपनीगणिक विभागलेला राहिला. प्रत्येक कंपनीच्या वैमानिकांची निराळी समिति, निराळा करारनामा आणि निराळी ज्येष्ठतेची यादी.

ही यादी म्हणजे काय, हें समजल्याशिवाय वैमानिकांच्या भांडणांतील कडवटपणा समजावयाचा नाहीं. वैमानिक ज्या दिवशीं नोकरीस लागतो त्या दिवशीं त्याला यादींत एक क्रमांक मिळतो. कोणतें विमान चालवावें, सहवैमानिकाच्या आसनावरून कॅप्टनच्या आसनावर केव्हां जावें, कोणत्या शहरीं बिऱ्हाड करावें, नाताळांत घरीं राहावें कीं आकाशांत, हें सर्व या क्रमांकावरून ठरतें. मंदी आली कीं काढून टाकावयास सुरुवात यादीच्या तळापासून होते. आणि कंपनी सोडून दुसरीकडे गेल्यास पंचवीस वर्षांचा अनुभवी कॅप्टनहि तेथें सर्वांत खालीं, कालच लागलेल्या पोराच्या मागें उभा राहतो. डॉक्टर, वकील, इंजिनिअर यांना गांव बदलतां येतो. वैमानिकाला त्याची यादी सोडतां येत नाहीं. म्हणून दोन कंपन्या एक झाल्या कीं दोन याद्यांची गुंफण कशी करावी, यावर जिवाभावाचे सोबती एकमेकांचीं तोंडें पाहीनासे होतात. मुंबईकरांनाहि याचा अनुभव आहे. एअर इंडिया व इंडियन एअरलाइन्स या कंपन्या २००७ सालीं एक झाल्या. परंतु पूर्वीच्या इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांस नव्या बोइंग ७८७ विमानांचें शिक्षण द्यावें कीं नाहीं, यावरून पूर्वीच्या एअर इंडियाच्या वैमानिकांनीं २०१२ च्या मे महिन्यांत पुकारलेला संप जुलै उजाडेपर्यंत चालला.

अमेरिकेंत १९७८ पर्यंत कोणत्या कंपनीनें कोठें उडावें आणि भाडें किती घ्यावें हें सरकारी मंडळ ठरवी. त्या वर्षीं हीं बंधनें उठलीं. मोठ्या कंपन्यांनीं आगगाडीच्या जंक्शनासारखीं केंद्रें केलीं, आणि लहान गांवांहून त्या जंक्शनापर्यंत उतारू आणून पोंचविण्याचें काम लहान कंपन्यांकडे दिलें. कुर्डुवाडीस जी. आय. पी. च्या रुळांना येऊन भेटणारी बार्शी लाइट रेल्वे वडीलधाऱ्यांच्या बोलण्यांत कित्येकांनीं ऐकली असेल. व्यवस्था कांहींशी तशीच. मात्र बार्शीच्या डब्यांवर जी. आय. पी. चें नांव कोणी रंगविलें नव्हतें. येथें तेंहि झालें. १९७७ मध्यें लहान पाइपर विमानांवर सुरू झालेली कॉमएअर १९८४ पासून डेल्टाच्या नांवाखालीं उडूं लागली.

जोंवर हीं विमानें पंख्यांचीं, एकोणीस किंवा तीस आसनांचीं होतीं, तोंवर थोरल्या घराला त्यांची पर्वा नव्हती. तिकडचे वैमानिक म्हणजे उमेदवार. चार वर्षें काढतील आणि मोठ्या कंपनींत येतील, असा समज होता. १९९३ सालीं कॉमएअरनें पन्नास आसनांचें कॅनडेअर जेट अमेरिकेंत प्रथम आणलें आणि सगळा हिशेब फिरला. हें विमान हजार मैल जाऊं शके, आणि तें चालविणाऱ्याचा पगार मोठ्या कंपनींतील वैमानिकाच्या पगाराच्या मानानें फारच थोडा. मालकाच्या दृष्टीनें सोन्याची खाण. मोठ्या कंपनीच्या वैमानिकाच्या दृष्टीनें आपल्या हातांतील काम हळूच दुसऱ्या दारानें बाहेर जाण्याची वाट. तिला आडसर म्हणून त्यांनीं आपल्या करारनाम्यांत एक कलम घट्ट करून घेतलें. त्याला इंग्रजींत 'स्कोप' म्हणतात. कंपनीच्या नांवानें दुसऱ्या कोणीं उडावयाचें झाल्यास विमानें किती, आसनें किती आणि वजन किती, याची सीमा तें आंखून देतें. त्या सीमेच्या पलीकडे बसलेला माणूस त्याच संघाचा सभासद आहे, ही अडचण कलम लिहिणारांस त्या वेळीं फारशी टोंचली नसावी.

अमेरिकन एअरलाइन्समध्यें तर दोन घरांचे संघहि निराळे होते. तिच्या वैमानिकांनीं १९६३ सालींच मूळ संघ सोडून 'अलाइड पायलट्स असोसिएशन' काढली होती. तिच्या 'ईगल' या प्रादेशिक शाखेचे वैमानिक मात्र मूळ संघांत होते. नवीं लहान जेट विमानें कोणीं चालवावीं या मुख्य प्रश्नावर १५ फेब्रुवारी १९९७ च्या मध्यरात्रीं मोठ्यांनीं संप पुकारला, आणि अवघ्या कांहीं मिनिटांत अध्यक्ष क्लिंटन यांनीं आपला अधिकार वापरून तो थांबविला. शेवटीं दोन कंपन्या व दोन संघ यांनीं मिळून तडजोड केली ती अशी: जेट ईगलकडे राहावें, ईगलच्या कॅप्टनांना क्रमानें मोठ्या कंपनींत चढण्याची वाट असावी, आणि मोठ्या कंपनींतून काढलेल्यांना खालीं उतरण्याची. कागदावर न्याय्य दिसणारी ही योजना २००१ च्या सप्टेंबरांतील हल्ल्यांनंतर उलटी फिरली. वरची वाट बंद पडली, खालची तेवढी चालू राहिली, आणि ईगलच्या कॅप्टनांच्या आसनांवर वरून आलेले पाहुणे बसूं लागले.

कॅनडांत घडलें तें याहून बोधक. तेथें एअर कॅनडाच्या व तिच्या प्रादेशिक कंपन्यांच्या वैमानिकांचा संघ एकच होता. प्रादेशिकांनीं याद्या एक करण्याची मागणी केली, प्रश्न पंचाकडे गेला, आणि १९९५ सालीं पंचानें याद्या एकत्र करण्याचा निवाडा दिला. तो मानण्याऐवजीं एअर कॅनडाच्या वैमानिकांनीं संघच सोडला व आपली वेगळी चूल मांडली. निवाडा कागदावर राहिला. राष्ट्रीय संघ इतका दुबळा झाला कीं १९९७ सालीं तो अमेरिकन संघांत विलीन झाला. आणि रुसून गेलेले एअर कॅनडाचे वैमानिक त्या संघांत परत आले ते २०२३ सालीं.

म्हणून डेल्टानें १९९९ सालीं अटलांटिक साउथईस्ट आणि पाठोपाठ कॉमएअर या दोन्ही प्रादेशिक कंपन्या विकत घेतल्या, तेव्हां संघाच्या धुरीणांपुढें दोन भुतें उभीं होतीं, १९६३ चें आणि १९९५ चें. मालक एक झाला, नांव एक आहे, तेव्हां संघाच्या स्वतःच्या नियमांप्रमाणें याद्याहि एक करा, असें या दोन कंपन्यांचे वैमानिक म्हणूं लागले. संघाच्या कार्यकारिणीनें २००० सालीं नकार दिला. कंपन्यांचें कामकाज अद्याप एकजीव झालेलें नाहीं, असें कारण. कारण अगदीच खोटें नव्हतें. परंतु वर्गणी पगाराच्या प्रमाणांत असल्यामुळें संघाची तिजोरी मोठ्या कंपन्यांच्या वैमानिकांवर चालते, आणि ते दुखावले तर काय होतें हें दोनदां दिसलें होतें, ही गोष्ट दृष्टीआड करून हा निर्णय समजत नाहीं. डेल्टाच्या वैमानिकाची बाजूहि मनांत आणून पाहण्याजोगी आहे. शेंकडों उमेदवारांतून निवडला जाऊन तो आला. आणि आतां केवळ मालकानें एक खरेदीखत केलें म्हणून, शेजारच्या घरांत आपल्याआधीं पांच वर्षें लागलेला माणूस आपल्या डोक्यावर येऊन बसणार, हें त्यानें मुकाट्यानें कां सोसावें?

परंतु नकारानंतर जें झालें त्याचें समर्थन इतकें सोपें नाहीं. डेल्टाच्या वैमानिकांचा नवा करार २००१ सालीं ठरला, आणि त्यांत सत्तर आसनांच्या प्रादेशिक जेटांच्या संख्येवर मर्यादा पडली. कायद्याच्या भाषेंत हा करार करणारा पक्ष डेल्टाचे वैमानिक नव्हेत, तर सबंध संघ. म्हणजे कॉमएअरच्या वैमानिकाचा मुखत्यारच, त्याला न विचारतां, त्यानें किती मोठें विमान चालवूं नये हें लिहून देत होता.

याच मुद्द्यावर ब्रुकलिनच्या केंद्रीय न्यायालयांत फिर्याद झाली. तिचा आधार मात्र विमानाहून जुना, आगगाडीचा होता. अलाबामांतील बेस्टर विल्यम स्टील या कृष्णवर्णी फायरमनला त्याच्या धंद्याचा संघ सभासद करून घेत नसे, आणि तरीहि त्याच्या वतीनें करार करून त्याच संघानें त्याची जागा गोऱ्यांना मिळवून दिली. १९४४ सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें निर्णय दिला कीं, ज्या कायद्यानें संघास सर्वांच्या वतीनें बोलण्याचा एकाधिकार दिला, त्याच कायद्यानें सर्वांचें हित निःपक्षपातानें पाहण्याचें ओझेंहि त्याच्यावर घातलें आहे. फिर्यादी वैमानिकांनीं तेंच तत्त्व पुढें केलें. संघाचें उत्तर असें कीं, हें कर्तव्य एका कंपनीच्या वैमानिकांपुरतें. डेल्टाचा करार करतांना डेल्टाच्या वैमानिकांचें हित पाहणें हेंच कर्तव्य. शिवाय १९९१ सालीं कॉन्टिनेंटलच्या संपाविषयींच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें याच संघाच्या बाजूनें म्हटलें होतें कीं, वाटाघाटींत संघास निर्णयाची पुष्कळ मोकळीक असली पाहिजे. २००३ सालीं न्यायालयानें फिर्यादींतील कांहीं भाग फेटाळला, कांहीं पुढें चालूं दिला. आणि कित्येक वर्षांनीं प्रकरण तडजोडीनें मिटलें.

या कथेंतील सर्वांत चमत्कारिक प्रसंग याच २००१ सालचा. २६ मार्चला कॉमएअरच्या सुमारें साडेतेराशें वैमानिकांनीं पगार, विश्रांति व निवृत्तिवेतन यांसाठीं संप केला आणि कंपनीचें एकूण एक विमान जमिनीवर आलें. संप ८९ दिवस टिकला. तो टिकला तो संघाच्या निधींतून मिळणाऱ्या मदतीवर, आणि त्या निधींत डेल्टाच्या वैमानिकांची वर्गणी होती. एकीकडे न्यायालयांत ज्याला प्रतिवादी केलें, तोच दुसरीकडे संपकऱ्यांच्या चुली पेटत्या ठेवीत होता. घरांतील भांडण कोर्टांत गेलें तरी बाहेरचा अंगावर आला कीं भाऊ भावाच्या बाजूनें उभा राहतो, तसें हें झालें.

पुढें दोन्ही घरांवर एकच संकट आलें. डेल्टा व कॉमएअर यांनीं २००५ च्या सप्टेंबरांत एकाच वेळीं दिवाळखोरीचा अर्ज केला, आणि ज्या कलमासाठीं एवढें रणकंदन झालें तें दिवाळखोरीच्या काळांत सैल होऊन शहात्तर आसनांच्या विमानांपर्यंत गेलें. प्रादेशिक वैमानिकांचे हाल सामान्य लोकांस कळले ते १२ फेब्रुवारी २००९ च्या रात्रीं, बफेलोजवळ विमान घरावर कोसळून ५० माणसें मेलीं तेव्हां. उतारूंनीं तिकीट कॉन्टिनेंटलचें काढलें होतें. विमान चालविणारी कंपनी 'कोल्गन' होती, हें अनेकांस दुसऱ्या दिवशींच्या वर्तमानपत्रांतून समजलें. चौकशींत सहवैमानिकेचा पगार उघड झाला आणि देश थक्क झाला. २०१० सालीं कायदा बदलला. २०१३ पासून सहवैमानिकालाहि सामान्यतः १५०० तासांच्या उड्डाणाचा अनुभव लागूं लागला. माणसें मिळेनाशीं झालीं, तेव्हां २०२२ सालीं प्रादेशिक कंपन्यांनीं पगार भराभर वाढविले. संघाला व न्यायालयाला जें साधलें नाहीं तें टंचाईनें साधलें.

कॉमएअरच्या वैमानिकांच्या पदरीं मात्र तें पडलें नाहीं. डेल्टानें ती कंपनी २९ सप्टेंबर २०१२ रोजीं बंद केली. त्या रात्रीं तिच्या ज्येष्ठतेच्या यादींतील पहिल्या क्रमांकाचा कॅप्टन आणि शेवटच्या क्रमांकाचा सहवैमानिक एकाच ओळींत आले. दुसरीकडे नोकरी लागल्यास दोघांनाहि यादीच्या तळापासून आरंभ करावयाचा होता.