थिबा राजाचे रत्नागिरीतील वास्तव्य

ब्रह्मदेशाचा अखेरचा राजा थिबा (१ जानेवारी १८५९ – डिसेंबर १९१६) याने रत्नागिरी येथे काढलेला बंदिवासाचा काळ. मंडाले येथे त्याने केवळ सात वर्षे राज्य केले. रत्नागिरीत तो तीस वर्षांहून अधिक काळ राहिला व तेथेच मृत्यू पावला. त्यामुळे ब्रह्मदेशाच्या इतिहासात एका युद्धाच्या उल्लेखाबरोबर संपणारे त्याचे चरित्र कोकणाच्या स्थानिक इतिहासात मात्र त्यापुढे सुरू होते.

थिबा हा आलाउंगपायाने १७५२ मध्ये स्थापन केलेल्या कोनबाउंग घराण्यातील मिंदॉन राजाचा (कार. १८५३–७८) एक कनिष्ठ पुत्र. बालपणी त्याने बौद्ध विहारात पाली ग्रंथांचे अध्ययन केले व धर्मशास्त्राच्या परीक्षेत तो उत्तीर्ण झाला. गादीवर त्याचा हक्क फारसा नव्हता. मिंदॉनच्या एका महत्त्वाकांक्षी राणीने व दरबारातील प्रधानांनी, हा शांत स्वभावाचा राजपुत्र आपल्या मुठीत राहील अशा समजुतीने, त्याला १८७८ मध्ये सिंहासनावर बसविले. या राणीची कन्या सुपायालात ही थिबाची पट्टराणी झाली. पुढील वर्षी, फेब्रुवारी १८७९ मध्ये, गादीवर हक्क सांगू शकतील अशा सुमारे ऐंशी राजकुलीन स्त्री-पुरुषांची व मुलांची कत्तल करण्यात आली. हे कृत्य राजाच्या आज्ञेने झाले, की त्याच्या नावाने इतरांनी केले, याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. परंतु थिबा व सुपायालात यांच्या नावाला लागलेला हा कलंक पुढे पुसला गेला नाही आणि इंग्रजांनी त्याचा आपल्या प्रचारात भरपूर उपयोग करून घेतला.

युद्धाचे निमित्त मात्र वेगळे होते व त्याचा संबंध मुंबईशी येतो. मुंबई येथे १८६३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन या कंपनीकडे उत्तर ब्रह्मदेशातील सागवानाच्या जंगलांचा मक्ता होता. ठरल्याहून अधिक लाकूड कमी शुल्क भरून नेल्याच्या आरोपावरून ब्रह्मी दरबाराने १८८५ मध्ये कंपनीला सुमारे २३ लाख रुपये दंड केला. फ्रेंचांशी थिबाचे वाढते सख्य इंग्रजांना खुपत होतेच. ऑक्टोबरमध्ये त्यांनी निर्वाणीचा खलिता धाडला, नोव्हेंबरच्या मध्यास लष्कर इरावतीतून वर सरकले आणि पंधरवड्याच्या आत, २८ नोव्हेंबर रोजी, मंडाले पडले. दुसऱ्या दिवशी राजा, दोन राण्या व लहान मुली यांना राजवाड्यातून बाहेर काढून नदीतील आगबोटीवर चढविण्यात आले. १ जानेवारी १८८६ रोजी उत्तर ब्रह्मदेश खालसा झाल्याचा जाहीरनामा निघाला. तो थिबाचा सत्ताविसावा वाढदिवस होता.

राजकुटुंबास प्रथम मद्रास येथे नेण्यात आले. तेथे मार्च १८८६ मध्ये सुपायालातला तिसरी कन्या झाली. एप्रिलमध्ये सर्वांना समुद्रमार्गे रत्नागिरीस हलविण्यात आले. स्थळाची निवड विचारपूर्वक केलेली होती. त्या काळी रत्नागिरीस रेल्वे नव्हती (ती यावयास पुढे शतकाहून अधिक काळ लागला). घाटावरून येणारे रस्ते अवघड होते आणि मुंबईच्या आगबोटी पावसाळ्यात चार महिने बंद राहत. ब्रह्मी भाषा जाणणारे तेथे कोणी नव्हते व बौद्ध विहारही नव्हता. पदच्युत राजाला त्याच्या माणसांपासून, भाषेपासून व धर्मस्थानांपासून तोडून दूर नेऊन ठेवावयाचे, हे कंपनी सरकारच्या काळापासून चालत आलेले धोरण होते. दुसऱ्या बाजीरावास १८१८ नंतर गंगाकाठी बिठूरला व साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांस १८३९ मध्ये काशीस धाडले, ते याच हेतूने. दिल्लीचा अखेरचा बादशाह बहादूरशाह जफर यास १८५८ मध्ये रंगूनला नेले होते व तेथेच १८६२ मध्ये त्याचा अंत झाला. त्यानंतर तेवीस वर्षांनी ब्रह्मदेशाचा राजा भारतात आला.

बाजीरावास सालीना आठ लाखांची नेमणूक होती व बिठूरला त्याचा लहानसा दरबारच भरत असे. थिबाची अवस्था तशी नव्हती. गावाबाहेरील टेकडीवर आउट्रमच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बंगल्यात व त्यालगतच्या जागेत त्याचे कुटुंब ठेवण्यात आले. त्याच्यावर एक पोलीस अधिकारी नेमलेला असे. कोणास भेटावे, कोठे जावे, पत्र कोणास लिहावे याविषयी त्याची परवानगी घ्यावी लागे. एप्रिल १८८७ मध्ये येथेच चौथी कन्या जन्मली. सरकारी तनखा पुरत नसे. राजेपणाच्या सवयी सुटत नव्हत्या आणि सेवकवर्ग मोठा होता. मंडालेहून आणलेली माणके व दागिने एकामागून एक गहाण पडू लागले व विकले गेले. कर्ज वाढल्यावर सरकारने त्याच्या खर्चावरही देखरेख बसविली. थिबा वारंवार अर्ज करी. तनखा वाढवावा, निवासाची जागा बदलावी, मंडाले सोडताना इंग्रज अधिकाऱ्याने सुरक्षित ठेवण्यासाठी म्हणून घेतलेले ‘ङा मौक’ नावाचे प्रसिद्ध माणिक परत मिळावे, अशा मागण्या त्यांत असत. माणिक परत मिळाले नाही.

योग्य राजवाडा मिळावा ही त्याची मागणी मात्र बऱ्याच वर्षांनी मान्य झाली. भाट्याच्या खाडीकडे तोंड करून असलेल्या उंचवट्यावर विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात वाड्याचे बांधकाम झाले आणि नोव्हेंबर १९१० मध्ये राजकुटुंब तेथे राहावयास गेले. जांभ्या दगडाच्या व विटांच्या या तीन मजली इमारतीस उतरती छपरे, अर्धवर्तुळाकार लाकडी खिडक्या व मध्यभागी प्रशस्त दिवाणखाना आहे. सागवानाचा वापर मुबलक आहे. इमारतीच्या आखणीत थिबाने स्वतः लक्ष घातले होते. ज्या सागवानावरून राज्य गेले, त्याच लाकडाच्या घरात राजाने अखेरची सहा वर्षे काढली. वाड्याच्या गच्चीवरून समुद्र व खाडी दिसते. येणारी-जाणारी जहाजे राजा दुर्बिणीतून पाहत बसे, असे रत्नागिरीत पिढ्यानपिढ्या सांगतात.

याच सुमारास इतिहासाने एक विलक्षण जोड जुळवून आणली. रत्नागिरीत १८५६ मध्ये जन्मलेले लोकमान्य टिळक १९०८ मध्ये राजद्रोहाच्या आरोपावरून सहा वर्षांची शिक्षा भोगण्यासाठी मंडालेस पाठविण्यात आले. तेथील तुरुंग जुन्या राजधानीच्या तटबंदीच्या आत, म्हणजे थिबाच्या राजवाड्याच्या परिसरातच होता. १९१०–११ च्या हिवाळ्यात टिळक तेथे गीतारहस्याचे लेखन करीत होते, तेव्हा थिबा रत्नागिरीच्या नव्या वाड्यात नुकताच राहावयास आला होता. टिळक १९१४ मध्ये सुटून परत आले. थिबाच्या शिक्षेला मुदत नव्हती, कारण त्याच्यावर खटलाच झालेला नव्हता.

थिबाच्या मुलींची कथा त्याच्या स्वतःच्या कथेहून अधिक करुण आहे. मंडालेहून निघताना थोरली पाच वर्षांची व दुसरी दोन वर्षांची होती. धाकट्या दोघींनी ब्रह्मदेश पाहिलाच नव्हता. चौघी नोकरचाकरांच्या संगतीत वाढल्या व मराठी सहज बोलू लागल्या. राजकन्येचा विवाह राजकुलातच व्हावा अशी रूढी, आणि राजकुलातील योग्य वर तर १८७९ च्या कत्तलीत मारले गेलेले किंवा पांगलेले. सरकारनेही या बाबतीत पत्रव्यवहारापलीकडे फारसे काही केले नाही. ब्रह्मी मुलींच्या वयात येण्याचा कर्णवेधाचा संस्कार या चौघींच्या बाबतीत १९१४ मध्ये झाला. त्या वेळी त्यांची वये सत्तावीस ते चौतीसच्या दरम्यान होती. तत्पूर्वीच, १९०६ मध्ये, थोरल्या राजकन्येस वाड्यावर चाकरीस असलेल्या गोपाळ सावंत या विवाहित मराठा गृहस्थापासून एक कन्या झाली होती. राजकुटुंबाला हा मोठाच धक्का होता. तथापि नातीला त्यांनी टाकले नाही. दुसरी राजकन्या पदरी असलेल्या एका ब्रह्मी गृहस्थाच्या प्रेमात पडली व आईबापांच्या इच्छेविरुद्ध तिने त्याच्याशी विवाह केला. पुढे ती कालिम्पाँग येथे राहिली व १९५६ मध्ये वारली.

थिबाची धाकटी राणी सुपायागाले ही सुपायालातची सख्खी बहीण. ती १९१२ मध्ये वारली. डिसेंबर १९१६ मध्ये वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर थिबाचे निधन झाले. अस्थी तरी मंडालेस नेऊ द्याव्यात असा सुपायालातचा आग्रह होता व म्हणून रत्नागिरीत दफन करण्यास तिने संमती दिली नाही. शवपेटिका दोन वर्षांहून अधिक काळ वाड्याच्या आवारात तशीच राहिली. मृत राजाही ब्रह्मदेशातील असंतोषाचे केंद्र होईल अशी भीती सरकारला वाटत होती. अखेरीस मार्च १९१९ मध्ये राजा व धाकटी राणी यांच्या शवपेटिका रत्नागिरीतच समाधी बांधून ठेवण्यात आल्या आणि त्यानंतर पुढील महिन्यात हयात असलेल्यांना परतण्याची परवानगी मिळाली. तीही मंडालेस नव्हे, रंगूनला. सुपायालात तेथे नोव्हेंबर १९२५ मध्ये वारली. श्वेडगॉन पॅगोड्याजवळ तिची समाधी आहे.

याच सुमारास यूरोपातही एक सम्राट पदच्युत झाला होता. जर्मनीचा कैसर दुसरा विल्यम नोव्हेंबर १९१८ मध्ये नेदर्लंड्‌सला पळून गेला. त्याने डोर्न येथे स्वतःचा वाडा विकत घेतला, कित्येक मालगाड्यांतून आपले सामानसुमान मागविले आणि लाकडे तोडीत, आठवणी लिहीत तो १९४१ पर्यंत तेथे जगला. एका महायुद्धाची जबाबदारी ज्याच्यावर ठेवण्यात आली, त्यास नेदर्लंड्‌सने दोस्त राष्ट्रांच्या स्वाधीन करण्याचे नाकारले. थिबास आश्रय देणारे कोणतेही राष्ट्र नव्हते. जित आशियाई राजा व पराभूत यूरोपीय राजा यांना लावलेले माप एक नव्हते, हे येथे नमूद करणे प्राप्त आहे.

रंगूनला गेलेली थोरली राजकन्या काही काळातच आपल्या मुलीसह रत्नागिरीस परतली. गोपाळ सावंत याचा स्वतःचा संसार होता आणि तिचा तुटपुंजा तनखा तिच्या हाती फारसा राहत नसे. वाड्यापासून थोड्याच अंतरावर, साध्या घरात, जवळजवळ अज्ञातवासात तिने दिवस काढले. ३ जून १९४७ रोजी, भारताच्या स्वातंत्र्याच्या दोन महिने आधी, तिचे निधन झाले. तिची कन्या टुटू हिचा विवाह रत्नागिरीतच एका मराठी गृहस्थाशी झाला. गोवऱ्या थापून व कागदी फुले करून तिने संसाराला हातभार लावला. तिची बोली, वेष व आचार पूर्णपणे कोकणी मराठी होते. ती २००० मध्ये वारली. धाकट्या दोन राजकन्या ब्रह्मदेशात राहिल्या. त्यांपैकी चौथीने १९३० नंतर सरकारकडे घराण्याच्या हक्कांची व माणकाची मागणी नव्याने केली, तेव्हा तिला मोलमेन येथे धाडण्यात आले. तेथे ती १९३६ मध्ये वारली. तिसरी १९६२ पर्यंत हयात होती.

वाड्यात पुढे काही वर्षे शासकीय तंत्रनिकेतनाचे वर्ग भरत. नंतर तो पुरातत्त्व विभागाकडे आला व तेथे वस्तुसंग्रहालय करण्यात आले. थिबाने पूजलेली बुद्धमूर्ती परिसरात आहे. जवळच्या उंचवट्यास लोक थिबा पॉइंट म्हणतात. शहरातील समाधीकडे मात्र दीर्घकाळ फारसे कोणाचे लक्ष नव्हते. डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे अध्यक्ष थेन सेन यांनी तिचे दर्शन घेतले. २०१६ मध्ये राजाच्या मृत्यूस शंभर वर्षे झाली, तेव्हा म्यानमारचे उपाध्यक्ष व सरसेनापती रत्नागिरीत आले आणि राजाच्या ब्रह्मदेशातील व रत्नागिरीतील वंशजांसमवेत समाधीपाशी बौद्ध पद्धतीने धर्मविधी करण्यात आले. अस्थी अद्यापि रत्नागिरीतच आहेत.