दहा वर्षांच्या धाकाने कंटेनर थांबेल?

चाकणच्या तळेगाव चौकात एखादा दुचाकीस्वार कंटेनरखाली सापडला की कंपनीच्या बसपासून टपरीपर्यंत निकाल एकच लागतो. ड्रायव्हर पळाला, कारण त्याला धाक नाही. दोन वर्षांची शिक्षा, तीही जामिनाची; दहा करा, मग बघू कोण पळतो ते. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(२) ने नेमके हेच केले. बेदरकार गाडी चालवून कुणाचा जीव घेतला आणि पोलिसांना किंवा दंडाधिकाऱ्याला न कळवता पोबारा केला, तर दहा वर्षांपर्यंत कैद आणि दंड. जानेवारी २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत चालकांनी चाके थांबवली, मनमाडजवळ पानेवाडीत टँकर उभे राहिले, राज्यभर पंपांवर रांगा लागल्या. पुढे नवे कायदे १ जुलै २०२४ पासून अमलात आले, ते हे एक उपकलम वगळून. सरकार संपापुढे नमले, अशी हळहळ अजून ऐकू येते. मला ती पटत नाही.

पूर्वपक्ष अगदीच पोकळ आहे असे नाही. भारतीय दंड विधानात कलम ३०४-अ आले १८७० साली, आणि त्यातली दोन वर्षांची कमाल शिक्षा दीडशे वर्षे जागची हलली नाही. २०१५ मध्ये पंजाबच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेच कायदेमंडळाला तिचा फेरविचार करायला सांगितले होते. नव्या संहितेच्या १०६(१) ने ती पाच वर्षांवर नेली, त्याबद्दल तक्रार नाही. पण पाच वर्षे छापली म्हणून मिळतात असेही नाही. हा खटला चालतो प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यापुढे, आणि त्याला तीन वर्षांपेक्षा जास्त कैद देण्याचा अधिकारच नाही. जास्त द्यावीशी वाटली तर प्रकरण मुख्य न्यायदंडाधिकाऱ्याकडे पाठवायचे. टाळ्या मिळतात आकड्याला. अधिकार कुणाचा किती, हे कोण वाचतो?

शिवाय दहा वर्षे ही काही नवी गोष्ट नव्हे. वांद्र्याच्या कार्टर रोडवर २००६ मध्ये पदपथावर झोपलेले सात मजूर मोटारीखाली मेले. सत्र न्यायालयाने ३०४-अ लावून सहा महिने दिले. उच्च न्यायालयाने सदोष मनुष्यवधाचे कलम ३०४ चा दुसरा भाग लावला, ज्यात दहा वर्षांपर्यंतची सोय होती, आणि तीन वर्षे दिली. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. हत्यार होते, ते कोणत्या गुन्ह्याला उचलायचे, हा प्रश्न होता.

आता चौकातला तो क्षण पाहा. चाळीस फुटी ट्रेलर डावीकडे वळतो, सेकंड शिफ्ट सुटलेली, डाव्या बाजूने दुचाकी घुसते. तिथे ड्रायव्हरला आरसाही धड काही दाखवत नाही. धक्का बसल्याचे त्याला कळते ते कधी आरडाओरड्याने. त्या घटकेला त्याच्या डोळ्यांपुढे संहितेचे कलम नसते, दार उघडून ओढणारे हात असतात. हे मी त्याची कड घेऊन म्हणत नाही. मोटार वाहन कायद्याचे कलम १३४ जखमीला उपचार मिळवून देण्याची जबाबदारी चालकावर टाकते आणि जमावाच्या प्रक्षोभामुळे ते अशक्य असेल तर सूटही देते. पोलिसांना कळवायला तिथे जास्तीत जास्त चोवीस तास आहेत. उलट १०६(२) म्हणते घटनेनंतर लगेच. फोनवरून कळवले तर चालेल का, याबद्दल एक अक्षर नाही.

चालकांचा पक्षही तपासायला हवा. सात लाख, दहा लाख दंड अशा अफवांवर संप पेटला. कलमात दंडाचा आकडाच नाही. जागेवर थांबून मार खा, असेही ते म्हणत नाही. कळवा एवढेच म्हणते. म्हणजे दोन्ही बाजू न वाचलेल्या मजकुरावर भांडल्या.

पण या भांडणात मेलेल्याचे घर कुणीच मोजले नाही. समजा अठ्ठावीस वर्षांचा ठेकेदारी कामगार, महिना २० हजार पगार, मागे बायको, मूल आणि आई. गाडी सापडली आणि चूक तिच्या चालकाची ठरली तर सरला वर्मा (२००९) आणि प्रणय सेठी (२०१७) या निवाड्यांतल्या सूत्राने हिशेब असा: वर्षाचे २ लाख ४० हजार, त्यात भावी वाढीचे ४० टक्के, त्यातून त्याच्या स्वतःच्या खर्चाचा तिसरा हिस्सा वजा, गुणिले १७. रक्कम येते ३८ लाखांच्या वर, आणि ट्रकचा विमा चालू असेल तर ती विमा कंपनी भरते. गाडी सापडलीच नाही तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १६१ प्रमाणे २ लाख. तेही १ एप्रिल २०२२ पासून. त्याआधी २५ हजार. त्या घराला ड्रायव्हरच्या कैदेच्या वर्षांपेक्षा गाडीचा नंबर कितीतरी मोलाचा आहे.

दहा वर्षांची धमकी इथेच फसते. थांबून कळवणाऱ्याला पाच, पळून सापडणाऱ्याला दहा, आणि न सापडणाऱ्याला शून्य. तिसरा आकडा कोणत्याही दुरुस्तीने बदलत नाही. २०२२ मध्ये देशात ठोकर मारून पळालेल्या वाहनांनी ३०,४८६ माणसे मारली. त्या वाहनांपैकी सापडणारी वाढली, तरच दहाला काही अर्थ. दंडनीतीचे नाव घेणाऱ्यांनी कौटिल्य तरी नीट वाचावा: कठोर दंडाने लोक बिथरतात, मवाळ दंडाला जुमानत नाहीत, यथायोग्य दंडाला मानतात, असा त्याचा अभिप्राय आहे. शिक्षेच्या कडकपणापेक्षा तिची खात्री महत्त्वाची, हे इटलीच्या बेकारियाने १७६४ मध्ये मांडले.

आणि चाकणमध्ये गाडी सापडणे इतके अवघड का असावे? महाळुंगे, निघोजे, खालुंब्रे, कुठल्याही कंपनीच्या गेटवर सिक्युरिटीवाला प्रत्येक कंटेनरचा नंबर आणि आत-बाहेरची वेळ टिपून घेतो. त्याशिवाय गाडी हलत नाही. १२ जानेवारी २०२४ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की, महिनाभर प्रयत्न करूनही वाहन सापडले नाही तर पोलिसांनी मृताच्या वारसांना भरपाईच्या योजनेची लेखी माहिती द्यावी. ते पत्र लिहिण्याआधी अपघाताच्या वेळेपुढच्या-मागच्या दोन तासांची गेटवरची रजिस्टरे मागवली होती का, एवढे तपास अधिकाऱ्याने त्याच पत्रात नोंदवावे.