डॉन बॉस्को आणि तुरीनचीं मुलें

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास उत्तर इटलींतील तुरीन शहर झपाट्यानें वाढत होतें. भोंवतालच्या खेड्यांतून बारा-पंधरा वर्षांचीं मुलें कामाच्या शोधांत तेथें येत, गवंड्यांच्या हाताखालीं चुना-विटा वाहात, आणि काम सुटलें कीं रस्त्यावर येत. त्यांतलीं कित्येक अखेर तुरुंगांत जात. शेतकऱ्याच्या घरीं जन्मलेले जोव्हानी बॉस्को १८४१ सालीं कॅथॉलिक धर्मगुरु झाले. इटलींत धर्मगुरूस आदरानें ‘डॉन’ म्हणतात. तुरुंगांतील मुलांना भेटूं लागल्यावर डॉन बॉस्को यांना दिसून आलें कीं, सुटलेलीं मुलें पुन्हां पुन्हां तेथेंच परत येतात. कारण बाहेर त्यांची विचारपूस करणारें कोणीच नसतें.

त्याच वर्षीं ८ डिसेंबर रोजीं घडलेला एक प्रसंग त्यांनीं स्वतः लिहून ठेवला आहे. एका सोळा वर्षांच्या पोरक्या मुलाला चर्चचा सेवक मारून हांकून देत होता. उपासनेच्या वेळीं धर्मगुरूस साह्य कसें करावें, हें त्याला ठाऊक नव्हतें, एवढाच त्याचा अपराध! डॉन बॉस्को यांनीं त्याला परत बोलावलें. वाचतां येतें का? लिहितां येतें का? दोन्ही प्रश्नांस नकार. मग शीळ घालतां येते का, असें विचारतांच तो मुलगा हंसला, असें चरित्रकार सांगतात. धर्मशिक्षणाचा पहिला पाठ त्या हास्यानंतर सुरू झाला.

मुलांची संख्या वाढत गेली, पण जागा मिळेना. शेजारी गोंगाटाला कंटाळत. पुढें इटलीचे पंतप्रधान झालेल्या काव्हूर यांचे वडील त्या वेळीं शहराचे अधिकारी होते. त्यांना एवढ्या मुलांचा जमाव शांततेस धोक्याचा वाटला. अखेर १८४६ च्या ईस्टरला वाल्दोक्को भागांत एक साधी पडवी भाड्यानें मिळाली. त्याच वर्षीं डॉन बॉस्को यांची आई मार्गारिता गांवचें घर सोडून मुलाच्या मदतीला आली. रविवारीं प्रार्थना आणि खेळ, रात्रीं वाचन आणि हिशेब, असा क्रम बसला. कामाला लागलेल्या मुलांसाठीं डॉन बॉस्को मालकाशीं लेखी करार करीत. मालकानें चूक शब्दांनींच सुधारावी, अन्य उपायानें नव्हे, आणि सणावारीं मुलाला मोकळीक द्यावी, अशीं कलमें त्यांत असत.

ज्यांच्यावर विश्वास टाकला, तीं मुलें कसोटीला उतरलीं का? १८५४ सालीं तुरीनमध्यें पटकीची साथ आली. घरचीं माणसें रोग्यांना सोडून जात असतां या मुलांपैकीं ४४ जणांनीं शुश्रूषेसाठीं आपलीं नांवें दिलीं. त्यांतला एकही साथीला बळी पडला नाहीं.

१८७७ सालीं डॉन बॉस्को यांनीं आपली पद्धति एका लहान निबंधांत मांडली. अपराध घडल्यावर शिक्षा करणें ही एक रीत. अपराधाची वेळच येऊं नये म्हणून मुलांच्या सहवासांत राहणें ही दुसरी. विवेक, धर्म आणि वात्सल्य हे तिचे तीन आधार. परंतु पद्धति लिहून ठेवल्यानें टिकतेच असें नाहीं. १८८४ सालीं रोमहून पाठविलेल्या पत्रांत त्यांनीं आपल्याच संस्थेविषयीं खंत व्यक्त केली. शिक्षक आतां पटांगणावर मुलांत मिसळत नाहींत, मुलें त्यांच्यापुढें मन उघडें करीत नाहींत. मुलांवर प्रेम असून भागत नाहीं, तें त्यांना जाणवलें पाहिजे, असा त्या पत्राचा आशय होता.

१८८८ सालीं त्यांचें निधन झालें आणि १९३४ सालीं चर्चनें त्यांना संतपद दिलें. त्यांनीं स्थापिलेल्या सालेशियन संघाचे धर्मगुरु १९०६ सालीं तंजावरला पोहोंचले. माटुंग्याचें त्यांच्या नांवाचें विद्यालय मुंबईकरांच्या परिचयाचें आहे. तुरीनची ती पडवी अशी दूरवर पसरली. मात्र १८८४ च्या पत्रांतील खंत कोणत्याही एका शाळेपुरती नाहीं. इमारत उभी राहते, नियम छापले जातात. गुरु पटांगणावर उतरतो कीं नाहीं, हें मात्र रोज नव्यानें ठरतें.