भूल किती चढली?

पालघरहून बोईसरला जाणाऱ्या रस्त्यावर तालुका औद्योगिक सहकारी वसाहत आहे. तिथे निऑन लॅबोरेटरीजच्या कारखान्यात इंजेक्शनं तयार होतात. भूलतज्ज्ञांच्या हाताशी नेहमी असणारी तीन औषधं या कंपनीच्या यादीत आहेत: थायोपेंटोन, प्रोपोफॉल आणि केटामिन. टेबलावर निपचित पडलेला पेशंट खरोखर बेशुद्ध आहे का, हे थेट मेंदूकडूनच जाणून घेण्याची धडपड गेली ऐंशी-नव्वद वर्षं चालू आहे. तिची कुळकथा या तीन औषधांवरून सांगता येते.

आधी मेंदूकडे बघण्याची गरजच भासत नव्हती. ईथरच्या भुलीचे टप्पे लंडनच्या जॉन स्नोने १८४७ मध्येच मांडले होते. क्लोरोफॉर्म देताना नाडीवर बोट ठेवायचं की श्वासावर नजर, यावर पुढे इतका वाद पेटला की निजामाने स्वतःच्या खजिन्यातून हैदराबादेत दोन आयोग नेमले, १८८८ आणि १८८९ मध्ये. या आयोगांचे सूत्रधार एडवर्ड लॉरी श्वासाचा पक्ष हिरिरीने मांडत राहिले. अमेरिकेच्या आर्थर गिडेल यांनी १९२० मध्ये बुबुळं, श्वास आणि स्नायू पाहून भुलीच्या चार अवस्था ओळखण्याचा तक्ता दिला. ईथर सावकाश चढे, त्यामुळे तक्त्याशी ताडून पाहायला वेळ मिळे.

थायोपेंटोनने तो वेळच काढून घेतला. मार्च १९३४ मध्ये अमेरिकेत ते पहिल्यांदा माणसाला दिलं गेलं. शिरेतून दिल्यावर पेशंट काही सेकंदांत गुंगीत जाई, आणि गिडेलच्या अवस्था डोळ्यांदेखत निसटून जात. त्यात जानेवारी १९४२ मध्ये माँट्रियलच्या हॅरल्ड ग्रिफिथ यांनी शस्त्रक्रियेत क्युरारे वापरलं. सगळे स्नायू लुळे पडले! पोट उघडणं सर्जनला सोपं झालं, पण हालचाल आणि श्वास या दोन्ही खुणा भूलतज्ज्ञाच्या हातून गेल्या. पेशंट आत जागा असला तरी त्याला बोटसुद्धा हलवता येणार नव्हतं. वैद्यकातल्या सर्वांत भयंकर शक्यतांपैकी ही एक आहे, आणि तिच्यामुळेच पुढचा सगळा शोध तातडीचा झाला.

साधन तयार होतं. जर्मनीतल्या येना इथे हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये माणसाच्या मेंदूतल्या विद्युतलहरी नोंदल्या आणि १९२९ मध्ये ते प्रसिद्ध केलं. भुलीत या लहरी बदलतात, हे १९३७ मध्ये गिब्ज दांपत्य आणि लेनॉक्स या संशोधकांनी दाखवलं. १९५० मध्ये मेयो क्लिनिकच्या रेजिनाल्ड बिकफर्ड यांनी तर लहरींच्या ताकदीनुसार ईथर किंवा थायोपेंटोनचा पुरवठा आपोआप कमी-जास्त करणारं यंत्र बांधलं.

कपाळाला पट्टी चिकटवली की पडद्यावर आकडा दिसावा, हे मात्र १९९६ मध्ये साधलं. अमेरिकेत त्या वर्षी ‘बिस’ मॉनिटरला मान्यता मिळाली. शंभर म्हणजे पूर्ण जागा, शून्य म्हणजे लहरी सपाट, आणि शस्त्रक्रियेसाठी चाळीस ते साठ. हा आकडा बसवला गेला तो प्रोपोफॉलसारखी औषधं दिलेल्या माणसांच्या नोंदींवरून. प्रोपोफॉल हा स्कॉटलंडचे पशुवैद्य जॉन ग्लेन यांचा शोध. १९८६ पासून वापरात. त्याची गुंगी चढली की कपाळामागे सेकंदाला आठ ते बारा कंपनांच्या लहरी आणि त्यांच्यासोबत अतिशय संथ लहरी उमटतात. तिथे आकडा चांगला चालतो. २००४ च्या एका मोठ्या चाचणीत जास्त जोखमीचे २,४६३ पेशंट होते. मॉनिटर वापरलेल्या गटात दोघांना शस्त्रक्रियेतली जाग आठवली, दुसऱ्या गटात अकरा जणांना.

पण हा आकडा शुद्धीचा नव्हे, कपाळावर मिळणाऱ्या लहरींचा आहे, आणि हा फरक महागात पडू शकतो. ऑस्ट्रेलियात दहा स्वयंसेवकांना भूल न देता फक्त स्नायू लुळे करणारं औषध दिलं गेलं. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की माणसं पूर्ण जागी असताना आकडा साठच्या खाली गेला, एकदा तर ४४ पर्यंत.

केटामिनची गोष्ट नेमकी उलटी. १९६२ मध्ये तयार झालेलं हे औषध श्वास फारसा दाबत नाही, म्हणून साधनं तुटपुंजी असलेल्या रुग्णालयांचा ते आधार आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आवश्यक औषधांत ते १९८५ पासून आहे. पेशंटला चीर जाणवत नाही, हाकेला ओ मिळत नाही, तरी ‘बिस’ खाली येत नाही. कधी वरच चढतो. मग यंत्र चुकतंय का?

याचा उलगडा मिलानच्या मार्चेल्लो मास्सिमिनी यांच्या गटाने केला. कवटीवरून मेंदूला चुंबकीय टोला द्यायचा आणि उठणारा प्रतिसाद किती गुंतागुंतीचा आहे ते, संगणकाची फाइल दाबून लहान करण्याच्या गणिताने, मोजायचं. ही पद्धत त्यांनी २०१३ मध्ये मांडली. दोन वर्षांनी त्यांनी प्रोपोफॉल, झेनॉन वायू आणि केटामिन यांची तुलना केली. पहिल्या दोन्हींत गुंतागुंत कोसळली. केटामिनखाली ती जवळजवळ जागेपणीइतकीच राहिली, आणि उठल्यावर त्या स्वयंसेवकांनी लांबलचक, ठसठशीत स्वप्नं सांगितली. बाहेरच्या जगाशी नातं तुटलं होतं, पण आतली जाणीव चालूच होती. चुंबक आणि डोकंभर इलेक्ट्रोड लागणारी ही मोजणी अजून संशोधनापुरतीच आहे. त्यामुळे केटामिन देणारे भूलतज्ज्ञ आजही पडद्यावरच्या आकड्यावर विसंबत नाहीत. ते श्वास, नाडी आणि रक्तदाब पाहतात, आणि अनेकदा सोबत मिडाझोलाम हे शामक औषध देतात, म्हणजे पेशंट उठताना घाबरत नाही.