फाळक्यांचा वाटाणा

आजचा एपिसोड नाटेहून, गावच्या घरातून. गावी आलो की पोरांचा एक प्रश्न ठरलेला असतो: "दादा, व्हिडिओसाठी कुठला कॅमेरा घेऊ?" सॉफ्टवेअरवाल्याला हेही कळतं असा समज! यंदा एकजण तर हप्त्यांवर घ्यायला निघालाय, आणि घरचं उत्पन्न होडीवर. म्हणून आज दादासाहेब फाळके.

1911 मध्ये मुंबईत त्यांनी ख्रिस्ताच्या आयुष्यावरचा चित्रपट पाहिला आणि डोक्यात घेतलं की आपल्या देवांचे चित्रपट काढायचे. तेव्हा वय चाळिशीपुढे. बायको, मुलं, हातात नोकरी नाही. ही गोष्ट आपण 'जिद्द' म्हणून सांगतो आणि मोकळे होतो. मला त्यांचा क्रम जास्त महत्त्वाचा वाटतो. आधी छोटा कॅमेरा घेऊन घरी खटपट. मग रोज थिएटरात तासन्‌तास बघणं, इतकं की डोळे गेले होते, उपचारांनी परत आले. मग विमा पॉलिसी गहाण टाकून फेब्रुवारी 1912 मध्ये लंडन. तिथे सेसिल हेपवर्थ या निर्मात्याचा स्टुडिओ पाहिला, विल्यमसन कॅमेरा आणि फिल्मला भोकं पाडायचं मशीन घेतलं आणि दोनेक महिन्यांत परत.

आता कोणीही थेट हरिश्चंद्राला हात घातला असता. यांनी कुंडीत वाटाणा पेरला! कॅमेरा समोर ठेवला आणि महिनाभर रोप वाढताना टिपलं. 'अंकुराची वाढ'. ही फिल्म दाखवून त्यांनी पुढचं भांडवल मिळवलं.

बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं की रोज एक फ्रेम घेतली आणि मिनिटभराची फिल्म झाली. हिशोब करा ना. 30 दिवसांच्या 30 फ्रेम, सेकंदाला 16 धरल्या तर दोन सेकंदांत खेळ खलास. मिनिटाला 960 लागतात, म्हणजे रोज 32. तेव्हाच्या कॅमेऱ्यात हँडलच्या एका फेरीत साधारण 8 फ्रेम जायच्या. रोज चार फेऱ्या मारल्या असतील, हा आपला माझा अंदाज.

वाटाणाच का? त्याला अभिनय शिकवावा लागत नाही, मेकअप नाही, पगार नाही. राहतं फक्त तंत्र: कॅमेरा हलू न देणं, रोजचा प्रकाश सांभाळणं, फिल्म धुणं. चूक झाली तर ती आपलीच, नटावर ढकलता येत नाही.

आपल्याकडचा वाटाणा म्हणजे खाडी. यशवंतगडाच्या जांभ्याच्या तटावर, काठापासून आत, फोन घट्ट टेकवून ठेवा, तोंड खाडीकडे. फोकस आणि एक्स्पोजर लॉक. सहा तासांची ओहोटी, दर 10 सेकंदांना एक फ्रेम, म्हणजे 2,160 फ्रेम. सेकंदाला 30 ने 72 सेकंदांचा व्हिडिओ. पॉवर बँक विसरू नका. ढगाने उजेड बदलला, वाऱ्याने फोन हलला, की लगेच दिसेल. हे चार वेळा केल्यावर कॅमेऱ्याचं बोलू.

इथे कोणीतरी म्हणणार, पहिला मान आमच्या मालवणकडच्या दादासाहेब तोरण्यांचा! बरोबर, त्यांचा 'पुंडलिक' 18 मे 1912 लाच मुंबईच्या कोरोनेशनमध्ये लागला होता. पण ते नाटकाचं चित्रीकरण होतं आणि कॅमेरा ब्रिटिश माणसाच्या हातात. 'पहिला कोण' या वादात मला रस नाही. फाळक्यांना कॅमेऱ्यापासून फिल्म धुण्यापर्यंत प्रत्येक पायरी स्वतःच्या हाताने येत होती, हा फरक शिकणाऱ्याच्या कामाचा.

म्हणजे सगळं एकट्याने केलं असंही नाही हां. 'राजा हरिश्चंद्र' 3 मे 1913 ला लोकांसमोर आला, त्यामागे सरस्वतीबाई फाळके होत्या. युनिटचा स्वयंपाक त्या करायच्या, शूटिंगला उजेड परतवायला पांढरी चादर धरून उभ्या राहायच्या. कोरी फिल्म भोकांशिवाय यायची, ती अंधारात मशीनवर भोकं पाडायचं कामही त्यांचंच. सिनेमा 3,700 फुटांचा. फुटाला 16 फ्रेम, फ्रेमला दोन्ही बाजूंना चार-चार भोकं. नुसती तेवढीच लांबी धरली तरी 4,73,600 भोकं होतात.